कॅलिफोर्नियातील हायस्कूल मॉक ट्रायल: नोंदणी, पात्रता आणि कागदपत्रे

बे एरियातले मराठी पालक दरवर्षी विचारतात, "मॉक ट्रायलचा अर्ज कुठे मिळतो?" मॉक ट्रायल म्हणजे शाळांच्या संघांनी कोर्टात लढवायचा लुटुपुटीचा खटला. पालकांनी थेट भरायचा असा अर्जच नसतो. संघ शाळेचा असतो आणि काउंटीकडे त्याची नोंदणी मार्गदर्शक शिक्षक करतात. त्यामुळे शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात त्या शिक्षकांना गाठा. अनेक शाळांत निवड चाचणी होते आणि ती चुकली, तर मूल वर्षभर बाहेर राहते.

पात्रतेची मुख्य अट एकच: नववी ते बारावीतला विद्यार्थी आणि त्याच शाळेच्या पटावर नाव. शाळेत संघ नसेल, तर मार्गदर्शन करायला तयार असलेले शिक्षक आणि सराव घेणारा वकील शोधावा लागतो. राज्याच्या नियमांनुसार संघात किमान 8 आणि जास्तीत जास्त 25 मुले असतात.

आपल्याकडच्या लॉ कॉलेजांतल्या मूट कोर्टाशी याची गल्लत करू नका. तिथे कायद्याच्या मुद्द्यांवर युक्तिवाद होतो. इथे फौजदारी खटला उभा राहतो: सरतपासणी, उलटतपासणी, हरकती, सगळे काही. 'टीच डेमॉक्रसी' ही संस्था दरवर्षी नवा खटला तयार करते आणि एकच संघ कधी सरकारी पक्ष, तर कधी बचाव पक्ष मांडतो. साक्षीदाराने जबाबात नसलेली महत्त्वाची गोष्ट मनाने रचून सांगितली, तर समोरचा वकील हरकत घेतो.

सगळ्यांनीच वकील व्हायचे नसते. आमची लेक पहिल्या वर्षी कोर्ट क्लार्क होती. हातात स्टॉपवॉच आणि उरलेल्या मिनिटांच्या पाट्या. खऱ्या कोर्टरूममध्ये, न्यायाधीशांसमोर ती पाटी धरताना तिची बोटे थरथरत होती. पुढच्या वर्षी तिने आपणहून साक्षीदाराची भूमिका मागितली. अबोल मुलांसाठी क्लार्क आणि बेलिफ (कोर्टातला पुकारा करणारा कर्मचारी) या जागा फार मोलाच्या आहेत, त्या जरूर मागा.

कागदपत्रे साधी असतात. पालकांचे संमतीपत्र आणि शाळेबाहेर जाण्याची परवानगी साधारणपणे लागतेच. बाकीचे फॉर्म शिक्षक सांगतील. संघयादी तेच देतात, पण त्यात मुलाच्या नावाचे स्पेलिंग स्वतः तपासा. आपली नावे हमखास चुकतात. शुल्क काउंटीनुसार बदलते. परवडत नसेल, तर शिक्षकांशी मोकळेपणाने बोला.

काउंटीच्या फेऱ्या हिवाळ्यात होतात, विजेते मार्चमध्ये राज्यस्पर्धेला आणि तिथला विजेता मे महिन्यात राष्ट्रीय स्पर्धेला जातो. राष्ट्रीय स्पर्धा 1984 पासून चालू आहे. काउंटीच्या फेऱ्या बहुधा संध्याकाळी असतात, तेव्हा डब्यात पोटभरीचे काहीतरी द्या.