वेर्ण्याचा सडा आणि गोव्याच्या तंत्रज्ञान-बातम्या

गोव्यातल्या मराठी दैनिकांचं उद्योगाचं पान रोज वाचणाऱ्याला काही शब्द पाठ झालेले असतात. आयटी पार्क, स्टार्टअप धोरण, इलेक्ट्रॉनिक्स क्लस्टर, आणि त्यांच्याच शेजारी भूखंड आणि ग्रामसभा. पुण्या-मुंबईच्या वाचकाला प्रश्न पडतो की संगणकाच्या बातमीत ग्रामसभा कुठून आली? गोव्यात राहणाऱ्याला तो प्रश्न पडत नाही, कारण इथं तंत्रज्ञानाची प्रत्येक मोठी बातमी शेवटी कुठल्या तरी सड्यावर येऊन थांबते. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं पठार. ही टिपणी त्या सड्यांची आणि त्यांच्यावर काय टिकलं, काय उडून गेलं त्याची आहे.

सुरुवात खाणींपासून करावी लागते, कारण गोव्यात 'उद्योग' या शब्दाचा अर्थ कित्येक वर्षं खनिज एवढाच होता. दुसऱ्या महायुद्धानंतर जपान आपले पोलाद कारखाने पुन्हा उभारत होता आणि त्याला लोहखनिज हवं होतं. डिचोली, सत्तरी, सांगे या भागांत ते होतं. शिवाय निसर्गानं वाहतुकीची सोयही करून ठेवली होती. खाणीवरचा माल थोडं अंतर ट्रकनं आणायचा, मांडवी किंवा जुवारीच्या काठावर बार्जमध्ये, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटीत, भरायचा आणि नदीतून थेट मुरगाव बंदरात. १९५० च्या दशकात पोर्तुगीज राजवटीतच चौगुले, धेंपे, साळगांवकर, तिंबले ही घराणी या धंद्यात मोठी झाली. मुक्तीनंतर १९६२ मध्ये चौगुल्यांनी 'गोमन्तक' सुरू केलं, १९७० मध्ये धेंप्यांनी 'नवप्रभा'. म्हणजे गोव्याच्या मराठी वाचकाला रोजचं वर्तमानपत्र मिळालं ते खनिजाच्या पैशातून, हे नोंदवून ठेवायला हवं. त्या पैशानं कॉलेजंही उभी राहिली. पण खनिज काढून बोटीत भरायला जेवढं तंत्र लागतं तेवढंच तो धंदा शिकवत होता. पोलाद जपानमध्ये तयार व्हायचं.

१९७३ मध्ये दोन मोठे कारखाने सुरू झाले. उसगावला एमआरएफचा टायरचा आणि सांकवाळच्या पठारावर झुआरीचा खताचा. खताच्या कारखान्याच्या सांडपाण्यावरून खालच्या वेळसाव किनाऱ्यावरचे मच्छीमार उठले आणि कारखाना व गाव यांच्यातली गोव्यातली पहिली मोठी लढाई तिथं झाली. पुढच्या सगळ्या लढायांचा नकाशा त्यातच दिसतो: वर कारखाना, खाली पाणी, पाण्यावर जगणारी माणसं.

संगणकाच्या चाहत्यांना माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं वर्ष वाटायला हवं ते १९९३. त्या वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात औद्योगिकदृष्ट्या मागास राज्यांतल्या नव्या कारखान्यांना पाच वर्षं प्राप्तिकर माफ झाला. ईशान्येकडची राज्यं, जम्मू-काश्मीर, हिमाचल, बहुतेक केंद्रशासित प्रदेश यांच्याबरोबर त्या यादीत गोवाही होता. आता यादीतल्या या नावांकडे मुंबईतल्या कारखानदाराच्या नजरेनं पाहा. रात्री गाडीत बसून सकाळी पोचता येईल, बंदर आहे, विमानतळ आहे, लोक शिकलेले आहेत, आणि कर नाही. अशी जागा यादीत फारशी नव्हतीच. वेर्णा, सांकवाळ, पिळर्ण, कुंडई या औद्योगिक वसाहती त्यानंतर भरू लागल्या. औषध कंपन्या आल्या, आणि त्यांच्यामागून संगणकवाले.

ज्यांनी १९९० च्या दशकाच्या शेवटी घरी पहिला पीसी घेतला त्यांना झेनिथ हे नाव आठवेल. मुंबईची ती कंपनी आपले संगणक सांकवाळला जोडत असे. उद्योजक के. आर. नाईक यांनी तैवानच्या डी-लिंक कंपनीशी भागीदारी करून वेर्ण्यात नेटवर्कची उपकरणं बनवायला घेतली. देशभरातल्या कार्यालयांत आणि सायबर कॅफेंत बसलेली कितीतरी नेटवर्क कार्डं आणि मोडेम या सड्यावरून गेली. आमच्या पिढीतल्या मुलांना हे माहीतच नव्हतं. म्हापशाच्या दुकानातून आणलेल्या खोक्यावर मी पहिल्यांदा 'वेर्णा, गोवा' असं वाचलं तेव्हा मी ते खोकं घरातल्या प्रत्येकाला नेऊन दाखवलं होतं. तेव्हापर्यंत माझ्या डोक्यात वेर्णा म्हणजे मडगावच्या बसमधून दिसणारं माळरान होतं.

पुढं काय झालं ते समजून घ्यायला करांचं गणित पुन्हा बघावं लागतं. १९९७ मध्ये भारतानं जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती-तंत्रज्ञान करारात भाग घेतला आणि २००५ पर्यंत संगणक, त्याचे सुटे भाग, नेटवर्कची यंत्रं यांच्यावरची आयात जकात शून्यावर आली. तयार माल बाहेरून आणणं इथं जोडण्याइतकंच स्वस्त झालं, बऱ्याचदा अधिक स्वस्त. त्यातच गोव्याची करमाफी नव्या कारखान्यांना मिळेनाशी झाली आणि २००३ मध्ये केंद्रानं हिमाचल व उत्तराखंडला मोठी सवलत दिली. नवे औषध कारखाने बद्दी आणि पंतनगरकडे वळले. गोव्यातले जुने बरेचसे राहिले, कारण औषधाच्या कारखान्याला परदेशी नियामकांची मान्यता मिळवायला वर्षं लागतात आणि ती मान्यता त्या जागेची असते, ती उचलून नेता येत नाही. संगणक जोडणीला असं काही बांधून ठेवणारं नव्हतं. स्क्रूड्रायव्हर आणि कामगार कुठेही मिळतात.

याच वर्षांत सरकारही संगणकाचं स्वप्न पाहत होतं. ऑक्टोबर २००० मध्ये मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री झाले. आयआयटीतून शिकून मुख्यमंत्री झालेले ते देशातले पहिले. त्यांच्या काळातल्या सायबरएज योजनेतून अकरावीच्या मुलांच्या घरी संगणक पोचला. सत्तरीच्या किंवा काणकोणच्या घरात, जिथं फोनही नुकताच आला होता, तिथं टेबलावर मॉनिटर बसला. माझ्या ओळखीचे किमान चार प्रोग्रामर त्या यंत्रावर शिकले. चौघेही आज बंगळुरू आणि पुण्यात आहेत.

आता सड्याकडे. सरकारी कागदात सडा म्हणजे पडीक जमीन. झाड नाही, शेत नाही, घर नाही. कारखान्याला याहून सोयीची जागा कुठली? पण जांभा सच्छिद्र असतो. पावसाचं पाणी तो शोषून घेतो आणि पायथ्याशी झरे म्हणून सोडतो. खालच्या कुळागराला (माडा-पोफळीच्या बागेला), भातशेतीला, विहिरीला तेच पाणी मिळतं. गुरं सड्यावर चरतात, गणपतीच्या माटोळीसाठी, म्हणजे मूर्तीवर टांगायच्या चौकटीसाठी, रानफुलं-रानफळं तिथून येतात. म्हणून सडा विकला की गावाची पाण्याची टाकी विकल्यासारखं होतं. हे न समजता काढलेला प्रत्येक आराखडा गोव्यात अडकलेला आहे.

फोंडा तालुक्यात केरीच्या भूतखांब पठारावर थापर-ड्युपाँचा नायलॉन ६,६ प्रकल्प यायचा होता. गाव रस्त्यावर आलं. जानेवारी १९९५ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात नीलेश नाईक हा तरुण गेला. प्रकल्प तामिळनाडूला हलला. अकरा-बारा वर्षांनी त्याच भूतखांबावर विशेष आर्थिक क्षेत्राची आखणी झाली, जणू मधलं काही घडलंच नव्हतं! या वेळी वेर्ण्यापासून केरीपर्यंत सगळा गोवा एकत्र उठला आणि २००७ संपता संपता सरकारनं गोव्यात अशी क्षेत्रं नकोत असं जाहीर केलं. त्याच सुमारास दोनापावलाच्या पठारावरचं राजीव गांधी आयटी हॅबिटॅटही विरोधात सापडलं आणि उभं राहिलंच नाही.

आयआयटीची गोष्ट मला सगळ्यात जास्त लागते. २०१६ मध्ये गोव्याची आयआयटी सुरू झाली ती फर्मागुडीला, गोवा अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात. स्वतःची जागा शोधताना काणकोण झालं, सांगे झालं, मग सत्तरीतलं शेळ-मेळावली. तिथल्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या कसलेल्या जमिनीची कागदपत्रं त्यांच्या नावावर नव्हती. गोव्यात ही स्थिती फार जुनी आहे. जानेवारी २०२१ मध्ये मोजणीवरून पोलीस आणि गावकरी समोरासमोर आले आणि काही दिवसांतच मुख्यमंत्र्यांनी प्रकल्प तिथून हलवल्याचं सांगितलं. सत्तरीचे लोक शिक्षणाच्या विरोधात आहेत असं तेव्हा काहींनी म्हटलं. ज्यांच्या मुली रोज दोन बस बदलून साखळीच्या कॉलेजात जातात त्यांच्याबद्दल असं बोलणं मला अन्यायाचं वाटलं, आजही वाटतं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की आधी आमच्या जमिनी आमच्या नावावर करा.

मडगावात विरोधाशिवाय उभी राहिलेली एक गोष्टही होती, स्कायबस. कोकण रेल्वेचे बी. राजाराम यांची ही कल्पना: रस्त्याच्या मधोमध खांब, त्यावर बंद पेटीसारखा मार्ग, आणि त्याला खालून लटकणारे डबे. स्टेशनजवळ सुमारे दीड किलोमीटरचा चाचणी मार्ग बांधला गेला. सप्टेंबर २००४ मध्ये चाचणीदरम्यान अपघात होऊन एक कर्मचारी दगावला आणि काम थांबलं. खांब मात्र २०१३ पर्यंत उभे होते. गर्दीच्या शहरात जमीन न घेता वाहतूक उचलून वर न्यायची, ही कल्पना गोव्यासारख्या जागेला शोभणारी होती. तिला आणखी संधी मिळायला हवी होती.

यंत्र येणं आणि ते आपलं होणं यांतलं अंतर गोव्यात फार जुनं आहे. भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये जुन्या गोव्यात उतरला, तोही इथिओपियाला जायचा होता म्हणून. फादर थॉमस स्टीफन्स यांना आपलं मराठी पुराण देशी लिपीत छापायचं होतं. पण रोमन लिपीला दोन डझन साचे पुरतात, इथं सुमारे सहाशे लागणार होते, आणि तो खर्च झाला नाही. १६१६ मध्ये रायतूरला क्रिस्तपुराण छापलं गेलं ते रोमन अक्षरांत. भाषा मराठी, अक्षरं परकी.

टिकलेल्या गोष्टींत पहिलं नाव राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं. हिंदी महासागराच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेनंतर १९६६ च्या १ जानेवारीला ती स्थापन झाली आणि पुढं दोनापावलाला स्थिरावली. तिच्या 'गवेषणी' जहाजानं २६ जानेवारी १९८१ रोजी हिंदी महासागराच्या तळातून बहुधातूंचे गोळे वर काढले. त्यात मँगनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट असतं. त्याच वर्षी ६ डिसेंबरला अंटार्क्टिकाची पहिली भारतीय मोहीम गोव्यातूनच निघाली. १९८७ मध्ये खोल समुद्रातल्या खनिजांसाठी क्षेत्र मिळवणारा भारत पहिला देश ठरला, आणि २०२१ मध्ये केंद्रानं ४,०७७ कोटी रुपयांच्या खोल समुद्र मोहिमेला मंजुरी दिली. बॅटरीच्या धातूंवर आज जगभर जी चर्चा चालते तिचा एक धागा चाळीस वर्षांपूर्वीच्या दोनापावलात आहे. गोव्याच्या उद्योग पानावर तो क्वचित दिसतो.

तोवर जमिनीवरच्या खनिजाचं पर्व उतरणीला लागलं होतं. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं खाणी थांबवल्या, २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी दिली, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केलं. ट्रक दारात उभे राहिले, बार्ज नदीत गंजले. गोव्याचं स्टार्टअप धोरण २०१७ मध्ये आलं आणि आयटी धोरण २०१८ मध्ये. खाणींच्या त्या रिकाम्या वर्षांशेजारी ठेवून ती वाचली की त्यांच्यातली घाई समजते.

धोरणांची वाट न पाहता वाढलेले लोकही आहेत. पिळर्णच्या वसाहतीत शेखर सरदेसाई यांनी १९९० च्या दशकात कायनेको सुरू केली. फायबर आणि रेझिनच्या कामापासून सुरुवात करून ती रेल्वेचे अंतर्भाग, मग विमानांचे आणि अवकाश कार्यक्रमाचे भाग बनवू लागली. आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस गोव्यात ट्युलिप नावाची कंपनी रक्त तपासणीची रसायनं बनवू लागली होती. त्याच लोकांनी बंगळुरूच्या बिगटेक नावाच्या कंपनीबरोबर मोलबायो ही कंपनी उभी केली. तिचं ट्रूनॅट यंत्र बॅटरीवर चालतं, त्याला वातानुकूलित खोली लागत नाही, आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या टेबलावर ते तासाभरात क्षयरोगाचं निदान सांगतं. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्याला मान्यता दिली. त्याच वर्षी तेच यंत्र देशभर कोविडच्या चाचण्यांना लागलं. २०२२ मध्ये सिंगापूरच्या टेमासेक या सरकारी गुंतवणूक कंपनीनं पैसे गुंतवले तेव्हा कंपनीचं मूल्य दीड अब्ज डॉलरवर गेलं. त्या यंत्राच्या चिप वेर्ण्याला बनतात, जिथून एकेकाळी नेटवर्क कार्डांची खोकी निघत होती त्याच सड्यावर.