युद्धकैदी वैमानिक : रेतीचा रंग आणि जुना नकाशा

सोलापूरच्या काळ्या रानात विहीर खणायला घेतली, की बाहेर पडलेला मुरूम लांबूनच नजरेत भरतो. सागानच्या छावणीत कैद्यांपुढे हीच अडचण होती. दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई दलाने पकडलेल्या वैमानिकांसाठी ही छावणी १९४२ मध्ये उघडली. ती जागा आज पोलंडमध्ये येते. तिथली वरची माती करडी, खालची रेती लख्ख पिवळी. मूठभर सांडली तरी भुयाराचा सुगावा लागायचा. म्हणून कैदी पँटच्या आत लांब पिशव्या सोडत. खिशातली दोरी ओढली की तळाची पिन निघे, रेती बुटांवर झरे, आणि ती चालता चालता पायानेच मातीत कालवायची.

‘हॅरी’ हे भुयार सुमारे ९ मीटर खोल आणि १०० मीटरहून जास्त लांब होतं. रेती ढासळते, म्हणून आतून पलंगाच्या फळ्या लावल्या. हवेसाठी रेडक्रॉसच्या पार्सलमधले दूध पावडरचे डबे, तळ कापून एकाला एक जोडलेले. इतकी मेहनत करूनही मोजणी चुकली : भुयाराचं तोंड झाडीच्या अलीकडेच उघडलं. २४-२५ मार्च १९४४ च्या रात्री ७६ जण बाहेर पडले, सुटले तिघेच. पकडलेल्या ७३ जणांपैकी ५० जणांना हिटलरच्या हुकमावरून गोळ्या घातल्या गेल्या. हा सरळ खूनच होता. फसलेल्या पलायनाला फक्त शिस्तभंगाची शिक्षा, हे १९२९ च्या जिनिव्हा करारातच ठरलं होतं. १९४९ च्या करारानेही ते कायम ठेवलं, जास्तीत जास्त ३० दिवस.

भारतीय वैमानिकांच्या वाट्याला हे १९७१ च्या युद्धानंतर आलं. रावळपिंडीच्या छावणीतून दिलीप परुळकर, मलविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी हे तिघं ऑगस्ट १९७२ मध्ये भिंत फोडून निसटले. बसने पेशावर, पुढे लंडी कोतल; अफगाण सरहद्द अगदी टप्प्यात. तिथे त्यांनी लंडी खानाला जायचं कसं, म्हणून विचारलं. नकाशात ते शेवटचं स्टेशन होतं, पण तिथली गाडी १९३२ सालीच बंद झालेली. कुर्डुवाडीला आज कुणी नॅरोगेजचं बार्शीचं तिकीट मागितलं तर माणूस बाहेरचा हे लगेच कळेल, तसंच झालं. तिघं तिथेच पकडले गेले, आणि १ डिसेंबर १९७२ ला बाकी वैमानिकांसोबत वाघा सरहद्दीवरून परतले.