नायटा, इसब आणि खरूज : ओळख व उपचार

खाज आणि चट्टा ही अनेक त्वचाविकारांची समान लक्षणे आहेत, उपचार मात्र वेगवेगळे, काही वेळा परस्परविरोधी. म्हणून मलमाला हात लावण्याआधी चट्टा भरपूर उजेडात निरखून पाहावा. गोऱ्या कातडीवर लाल दिसणारा चट्टा सावळ्या कातडीवर तपकिरी किंवा जांभळट दिसतो, हेही ध्यानात असावे.

नायटा किंवा गजकर्ण हा बुरशीचा संसर्ग. ही बुरशी कातडीतल्या केराटिन या प्रथिनावर जगते आणि मध्यापासून बाहेर सरकत जाते. त्यामुळे कडा उठावदार व कोंडा सुटलेली, तर मधला भाग निवळलेला असतो. जांघ, काख, कंबर या घामट जागी तो जास्त होतो. कडेचा कोंडा खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, की बुरशीचे तंतू दिसतात. क्लोट्रिमॅझोल किंवा टर्बिनाफिनचे मलम कडेच्या बाहेर सुमारे दोन सेंटिमीटरपर्यंत लावावे. खाज थांबली म्हणून लगेच सोडू नये. बहुतेकांचा नायटा तिथेच उलटतो. डोक्यातल्या नायट्याला पोटातून औषध घ्यावे लागते.

सर्वांत मोठे नुकसान होते ते विचारल्याशिवाय लावलेल्या स्टेरॉइडयुक्त मलमाने. दोन-तीन दिवसांत खाज शमते, लाली उतरते, माणूस निर्धास्त होतो. आत बुरशी पसरतच असते. कडा पुसट झाल्याने पुढे डॉक्टरलाही निदान अवघड जाते. या फसव्या नायट्याला १९६८ मध्ये ‘टिनिया इन्कॉग्निटो’ असे नाव मिळाले.

इसबात मात्र तेच स्टेरॉइड, डॉक्टरांनी ठरवलेल्या ताकदीचे आणि ठरावीक दिवस, उपयोगी पडते. इसबाची कडा अस्पष्ट असते. चट्टा कधी पाझरतो, कधी खाजवून खाजवून जाड होतो. मुलांमध्ये तो बहुधा कोपर-गुडघ्यांच्या आतल्या वळ्यांत येतो. आंघोळीनंतर अंग किंचित ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावणे हा उपचाराचा पाया. कोपर-गुडघ्यांच्या बाहेरच्या बाजूला चंदेरी खपल्या असतील, तर सोरायसिसची शंका घ्यावी. तो स्पर्शाने पसरत नाही.

खरूज ओळखण्याची खूण म्हणजे रात्री वाढणारी खाज आणि घरात एकापाठोपाठ एक खाजवू लागलेली माणसे. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर बारीक नागमोडी रेषा दिसतात. ती अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान मादी कीटकाने कातडीत पोखरलेली वाट. पर्मेथ्रिन ५ टक्के मलम गळ्यापासून तळपायापर्यंत रात्रभर ठेवावे, आठवड्याने पुन्हा लावावे, आणि घरातल्या सर्वांनी एकाच दिवशी लावावे. लहान बाळांसाठी आधी डॉक्टरांना विचारावे. कीटक मेल्यावरही खाज दोन-चार आठवडे टिकते. औषध लागू पडले नाही असे समजून रोज मलम चोपडल्याने कातडी चुरचुरते.

खाज नसलेला फिकट किंवा लालसर चट्टा आणखी गांभीर्याने घ्यावा. त्यावर कापसाचे टोक फिरवलेले कळत नसेल, तर तो कुष्ठरोग असू शकतो. बहुऔषध उपचाराने तो ६ ते १२ महिन्यांत बरा होतो. उशीर झाल्यास मज्जातंतूंची हानी मात्र भरून येत नाही.