केशरी बलकाचे पैसे

घरात दहावीतला मुलगा आहे आणि त्याला रोज दोन अंडी लागतात. म्हणजे महिन्याला साठ. दुकानातलं पांढरं अंडं सध्या ७ रुपयांना पडतं. त्याच दुकानात फ्रीजमध्ये पुठ्ठ्याच्या देखण्या पेटीत तपकिरी अंडी असतात, सहा नगांना ९० रुपये. आणि शनिवारच्या बाजारात एक मावशी टोपलीत भुसा घालून गावरान अंडी घेऊन बसतात, त्यांचाही भाव १५. सासूबाईंचं म्हणणं एकच : "अगं, गावरानच आण. बलक बघ कसा केशरी असतो, ताकद त्यातच." साठ अंड्यांचे ४२० द्यायचे की ९००, हा प्रश्न त्या केशरी रंगावर येऊन थांबला, तेव्हा मी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला.

दहा पांढरी अंडी ५५० ग्रॅम भरली, दहा गावरान ४०० ग्रॅम. कवचाचा साधारण दहावा हिस्सा वजा केला आणि उरलेल्यात साडेबारा टक्के प्रथिनं धरली (हे प्रमाण दोन्हींत जवळपास सारखंच असतं), तर पांढऱ्या अंड्यात ६ ग्रॅमच्या किंचित वर आणि गावरानमध्ये साडेचार ग्रॅम प्रथिनं निघतात. म्हणजे एक ग्रॅम प्रथिनाला पांढऱ्यात १ रुपया १३ पैसे आणि गावरानमध्ये ३ रुपये ३३ पैसे. भाव दुप्पट दिसतो, पण प्रथिनांच्या हिशेबाने ते जवळजवळ तिप्पट महाग आहे. अंडी नगावर विकली जातात म्हणून हे आपल्या लक्षात येत नाही. टोमॅटो नगावर घ्यायची वेळ आली असती तर आपण केव्हाच भांडलो असतो.

आता रंगाकडे. कवचाचा रंग पटकन उरकते, कारण तो सरळ आहे. तपकिरी म्हणजे गावरान, हे खरं नाही. कवच कोणत्या रंगाचं हे कोंबडीची जात ठरवते, तिचं राहणीमान नव्हे. व्हाइट लेगहॉर्न वंशाच्या कोंबड्या पांढरं अंडं देतात, ऱ्होड आयलंड रेड वंशाच्या तपकिरी. तपकिरी अंडं देणारी कोंबडीही पिंजऱ्यात ठेवता येते, आणि ठेवतातही. कवच बनायला वीसेक तास लागतात, त्यातल्या शेवटच्या काही तासांत प्रोटोपॉर्फिरिन नावाचं रंगद्रव्य वरून चढवलं जातं. आपल्या रक्ताला लाल रंग देणारं हीम ज्या द्रव्यापासून बनतं तेच हे. रंग वरच्या थरातच असतो. तपकिरी अंडं थोडा वेळ व्हिनेगरमध्ये ठेवून चोळलं की खाली पांढरं कवच दिसतं. पांढरी अंडी चहाच्या पाण्यात बुडवून गावरान म्हणून विकल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. तसला रंग ओल्या फडक्यालाच लागतो.

बलकाचा रंग मात्र फार सुंदर प्रकरण आहे, आणि माझा अर्धा लेख तिकडेच जाणार.

ज्यांनी घरी गावठी कोंबडी साफ केली आहे त्यांनी तिच्या पोटातला पिवळ्या गोळ्यांचा घोस पाहिला असेल. एक पूर्ण वाढलेला, त्याच्याहून लहान दुसरा, मग तिसरा, आणि शेवटी मोहरीएवढे कितीतरी. ती येत्या दिवसांतल्या अंड्यांची रांग असते. प्रत्येक गोळा बराच काळ इवलासा राहतो आणि शेवटच्या आठ-दहा दिवसांत भराभर फुगतो. रोज त्याच्यावर एक नवा थर चढतो, कांद्यासारखा. त्या दिवशी कोंबडीने जे खाल्लं, त्याचा रंग त्या दिवसाच्या थराला. शास्त्रज्ञांनी हे फार गमतीदार पद्धतीने तपासलं. चरबीत विरघळणारा सुदान नावाचा लाल रंग एक दिवस खाद्यातून दिला. नंतर मिळालेलं अंडं उकडून कापलं, तर बलकात लाल कडं! कडं किती आत आहे यावरून दिवस मोजता येतात. झाडाच्या खोडात वर्षांची वलयं असतात, इथे दिवसांची असतात. एरवी ती नुसत्या डोळ्यांना सहसा दिसत नाहीत, कारण रोजचं खाणं सारखंच असतं.

पण खाल्लेला रंग बलकापर्यंत पोचतो कसा? तुमच्या लिपिड प्रोफाइलच्या रिपोर्टमध्ये व्हीएलडीएल अशी एक ओळ असते. रक्तातून चरबी वाहून नेणारे हे सूक्ष्म गोळे. कोंबडीच्या यकृतातही ते बनतात. तलंग वयात आली, इस्ट्रोजेन वाढलं, की यकृत हे गोळे वेगळ्या मापाचे बनवू लागतं. आधी त्यांचा व्यास सरासरी ७० नॅनोमीटरच्या आसपास असतो, तो ३० वर येतो. कारण बलकाभोवतीच्या पडद्याच्या चाळणीतून मोठे गोळे जातच नाहीत. शिवाय त्यांच्यावर एक खास प्रथिन बसतं, अपो-व्हीएलडीएल-दोन. वाटेतल्या स्नायूंनी आणि चरबीच्या पेशींनी हा माल फोडून खाऊ नये म्हणून ते चरबी फोडणाऱ्या लायपोप्रोटीन लायपेज या विकराला (एन्झाइमला) अडवतं. सीलबंद पार्सलच म्हणा. बलकाच्या पृष्ठभागावर या गोळ्यांना ओळखून आत ओढणारे ग्राहक रेणू असतात. जनुकातल्या चुकीमुळे त्या ग्राहकात एका अमिनो आम्लाचा फरक पडलेल्या कोंबड्या सापडल्या आहेत. त्यांच्या रक्तात चरबी साचत जाते, पण बलक काही भरत नाही, आणि त्या अंडीच घालत नाहीत. एवढ्याशा चुकीने सगळी रांग खोळंबते.

इथपर्यंत वाचलंत तर आता मुद्दा सोपा आहे. या चरबीच्या गोळ्यांत बसून ल्युटिन आणि झिअ‍ॅक्झँथिन ही पिवळी-केशरी द्रव्यं बलकात येतात. कोंबडी ती स्वतः बनवू शकत नाही, खाण्यातूनच मिळवते : पिवळा मका, कोवळं गवत, पालेभाजीची देठं. आणि झेंडू. दसऱ्याच्या तोरणातल्या झेंडूच्या पाकळ्यांत ल्युटिन ठासून भरलेलं असतं आणि त्याचा अर्क पोल्ट्रीच्या खाद्यात घालतात. खाद्य बनवणाऱ्यांकडे बलकाच्या छटांची पंख्यासारखी उघडणारी रंगपट्टी असते, भिंतीच्या रंगाच्या दुकानात असते तशी. गिऱ्हाइकाला आवडेल ती छटा निवडायची आणि त्या बेताने खाद्यात रंगद्रव्य घालायचं. पिंजऱ्यातली कोंबडीसुद्धा हवा तितका केशरी बलक देते.

उलट ज्वारी आणि तांदळाचा कोंडा यांत ही द्रव्यं जवळपास नसतातच. त्यामुळे अस्सल अंगणातल्या, पण कोंड्यावर जगणाऱ्या कोंबडीचा बलक फिकट असू शकतो. आणि ल्युटिनपासून अ जीवनसत्त्व बनत नाही. ज्यापासून बनतं ते बीटा-कॅरोटिन कोंबडी बहुतेक स्वतःच वापरून टाकते, बलकात फारसं उतरत नाही. ल्युटिन डोळ्यांच्या पडद्याला उपयोगी आहे, त्याचं महत्त्व मी कमी करत नाही. पण सासूबाई म्हणतात ती ताकद त्या रंगात नाही.

मग गावरानमध्ये काहीच जास्त नाही का? आहे. उन्हात हिंडणाऱ्या कोंबडीच्या कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं आणि बलकात उतरतं. जर्मनीतल्या एका प्रयोगात उन्हात सोडलेल्या कोंबड्यांच्या बलकात ते बंदिस्त कोंबड्यांपेक्षा तिप्पट-चौपट भरलं. हिरवा पाला आणि किडे खाणाऱ्या कोंबडीच्या अंड्यात ओमेगा-३ आणि ई जीवनसत्त्वही जास्त असतं. अंडं लहान असल्यामुळे त्यात बलकाचा वाटा मोठा, म्हणून चव दाट लागते. हे मलाही पटतं. पण कोलेस्टेरॉल काही गावरानमध्ये नाहीसं होत नाही. कडकनाथच्या अंड्याला तर लोक औषधाचा भाव देतात. कोंबडी काळी म्हणून अंडं काळं नसतं, साधं फिकट बदामी असतं, आणि त्याने मधुमेह बरा होत नाही.

एक व्यवहाराची गोष्ट. गावरान कोंबड्यांत कोंबडा असतो, म्हणजे अंडं फलित असू शकतं. मे महिन्यात चाळीस अंशाच्या उन्हात टोपली दोन-तीन दिवस राहिली तर आत जीव धरायला लागतो आणि फोडल्यावर तांबड्या रेषा दिसतात. उन्हाळ्यात घेतलीत तर त्याच दिवशी फ्रीजमध्ये ठेवा. पोल्ट्रीत कोंबडाच नसल्याने तो प्रश्न येत नाही.

जास्त पैसे द्यायला मला पटणारं कारण एकच, आणि ते कोंबडीच्या बाजूचं आहे. पिंजऱ्यातल्या कोंबडीला आपल्याकडे साधारणपणे ए-फोर कागदापेक्षाही कमी जागा मिळते. पंख पसरता येत नाहीत, माती उकरता येत नाही. युरोपीय संघाने असले उघडेबोडके पिंजरे २०१२ पासून बंद केले आणि तिथे प्रत्येक अंड्यावर आकडा छापतात : ० म्हणजे सेंद्रिय, १ म्हणजे मोकळ्यावरची, २ म्हणजे कोठारातली, ३ म्हणजे (आता सुधारित) पिंजऱ्यातली. आपल्या ट्रेमधल्या अंड्यावर असलं काही नसतं. ९० रुपयांच्या त्या पेटीवर हिरवं शेत आणि सूर्य छापलाय, पण कोंबडी कुठे राहते याबद्दल एक अक्षर नाही. ती मी घेत नाही.

आमच्याकडे आता रोजची दोन अंडी पांढरी असतात. त्यांचा भाव श्रावणात उतरतो, थंडीत चढतो. एनईसीसी, म्हणजे १९८२ साली कोंबडीपालकांनी उभी केलेली संस्था, रोज शेकड्याचा दर जाहीर करते, तो बघून मी ट्रे घेते. बाजारातून महिन्याला एक डझन गावरान आणते, रविवारच्या अंडाकरीला. सासूबाईंशी तह झालाय.

गेल्या मे महिन्यात मावशींच्या टोपलीसमोर एक बाई तावातावाने बोलत होत्या. बलक पांढुरका निघाला, तुम्ही पोल्ट्रीची अंडी मिसळता, असा आरोप होता. मावशींना काय बोलावं सुचेना. मी कोंबड्यांना काय घालता ते विचारलं.

"काय घालणार बाई? ज्वारीच. पाऊस पडंस्तवर हिरवं कुठं हाय?"