पाच मीटर माती, खाली बेसॉल्ट

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा तो भाग भारताच्या भूकंप-नकाशात झोन १ मध्ये, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. पुढे २००२ मध्ये नकाशा बदलला आणि झोन १ ही पायरीच रद्द झाली. किल्लारीत हजारो माणसे गेली, ती मुख्यतः दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवरचे जड माळवद अंगावर कोसळून. त्यामुळे नंतरची बहुतेक चर्चा भिंतींची झाली, आणि ते योग्यच होते. पण घर आणि खडक यांच्यामध्ये जो मातीचा थर असतो, त्याच्याकडे आजही फारसे कोणी पाहत नाही. ‘आपल्याकडे काय, झोन तीनच’ असे म्हणून विषय संपवला जातो.

झोनचा आकडा जमीन साधारण किती जोरात हलेल ते सांगतो. भूकंपरोधक बांधकामाचे भारतीय मानक ‘आयएस १८९३’ याच्या २०१६ च्या आवृत्तीत झोन २ साठी तो ०.१० आहे आणि झोन ३ साठी ०.१६, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या दहा आणि सोळा टक्के. मात्र एकाच तालुक्यात कातळावरचे घर आणि नाल्याकाठच्या गाळावरचे घर यांना बसणारा हादरा सारखा नसतो. शिवाय सहसा लक्षात न येणारी गोष्ट अशी की, मऊ माती जोरदार हादऱ्यापेक्षा सौम्य हादरा जास्त पटीने वाढवते. कमी भूकंपाच्या प्रदेशात मातीकडे बघायचे ते याच कारणाने.

हे कसे होते ते दख्खनच्या पठारावर सहज भेटणाऱ्या जमिनीवरून पाहू. वर पाच मीटर मऊ माती, खाली बेसॉल्ट. भूकंपाचे कर्तन तरंग, म्हणजे जमीन आडवी हलवणारे तरंग, बेसॉल्टच्या वरच्या भागातून सेकंदाला १५०० मीटर वेगाने येतात असे धरू. मऊ मातीत त्यांचा वेग १२० मीटरवर येतो. वेग घटला की तीच ऊर्जा पुढे नेण्यासाठी मातीला जास्त झुलावे लागते. वर पोचलेला तरंग पृष्ठभागावरून परत फिरतो, खाली कठीण बेसॉल्टवर आपटून पुन्हा वर येतो आणि मातीच्या थरातच कोंडला जातो. थराची जाडी चारने गुणून वेगाने भागली की त्या थराचा स्वतःचा झुलण्याचा काळ मिळतो: ४ × ५ ÷ १२० = ०.१७ सेकंद. हादऱ्यातला जो भाग याच तालात असतो त्याचे झुलणे दर फेरीला वाढत जाते. झोपाळ्याला नेमक्या वेळी रेटा दिला की तो चढत जातो, तसेच. ०.१७ सेकंद हा साधारण एक-दोन मजली बैठ्या घरांच्या तालाजवळचा आकडा आहे.

हे वाढणे कुठे थांबेल ते अवमंदनावर, म्हणजे झुलणे शमवणाऱ्या ऊर्जेच्या खर्चावर ठरते. माती हलताना कण एकमेकांवर घासतात आणि ऊर्जा खर्च होते. हादरा सौम्य असेल तर हा खर्च थोडा, सुमारे पाच टक्के अवमंदनाइतका. जोरदार हादऱ्यात कण सरकतात, मातीचा ताठपणा घटतो आणि अवमंदन पंधरा टक्क्यांवर किंवा त्याहून वर जाते. हा बदल कुठे सुरू होतो? अनेक मातींत साधारण ०.०१ टक्का विकृतीला, म्हणजे थराच्या जाडीच्या तुलनेत तेवढ्या आडव्या सरकण्याला. पाच मीटरच्या आपल्या थरात वरचे टोक खालच्या टोकापेक्षा अर्धा मिलिमीटर जास्त सरकले की ही मर्यादा येते. तिच्या आत माती जवळपास स्प्रिंगसारखी वागते.

आता खडकाची घनता पाण्याच्या २.६ पट आणि मातीची १.७ पट धरून गणित केले, तर अनुनादाच्या, म्हणजे थराच्या स्वतःच्या तालात पाच टक्के अवमंदनाला हादरा सुमारे साडेसात पट होतो आणि पंधरा टक्क्यांना सुमारे साडेतीन पट. हे सपाट, एकसारख्या थरांचे आणि सतत चालणाऱ्या हादऱ्याचे कागदी गणित आहे. खरा भूकंप काही सेकंदांत ओसरतो, म्हणून प्रत्यक्षातली वाढ यापेक्षा कमी राहते. पण दोन आकड्यांमधले प्रमाण बोलके आहे.

प्रत्यक्षातला सर्वांत स्पष्ट पुरावा मेक्सिको शहराचा. १९ सप्टेंबर १९८५ चा भूकंप शहरापासून साडेतीनशे किलोमीटरहून दूर, पॅसिफिकच्या किनाऱ्यावर झाला. मेक्सिको काही भूकंपमुक्त देश नव्हे, पण त्या दिवशी शहराखालच्या खडकापर्यंत पोचलेला हादरा मात्र सौम्यच होता. लाव्हाच्या कातळावर असलेल्या विद्यापीठ परिसरात त्वरण गुरुत्वाच्या तीन-चार टक्के नोंदले गेले, तर जुन्या तळ्याच्या गाळावरच्या नोंदणी केंद्रात सतरा टक्के. तो गाळ दोन सेकंदांच्या तालात झुलत होता आणि त्या तालाच्या जवळच्या मध्यम उंचीच्या इमारती सर्वाधिक पडल्या. खऱ्या अर्थाने कमी भूकंपाच्या प्रदेशातले उदाहरण हवे असेल तर ऑस्ट्रेलियातले न्यूकॅसल आहे. २८ डिसेंबर १९८९ ला तिथे ५.६ तीव्रतेच्या, एरवी मध्यम म्हणाव्या अशा भूकंपात १३ जण मृत्युमुखी पडले. हंटर नदीच्या गाळावर आणि भरावावर उभ्या असलेल्या भागांत नुकसान एकवटले होते.

दख्खनच्या जमिनीबाबत एक तांत्रिक सापळा आहे आणि त्यात चांगले अभियंतेही अडकतात. जगभर जागेची प्रतवारी करताना वरच्या तीस मीटरमधला कर्तन तरंगांचा सरासरी वेग काढतात. वरच्या उदाहरणात पाच मीटर मातीतून जायला तरंगाला ०.०४२ सेकंद लागतात आणि खालच्या पंचवीस मीटर बेसॉल्टमधून ०.०१७. म्हणजे तीस मीटरला ०.०५९ सेकंद, सरासरी वेग सेकंदाला सुमारे ५१० मीटर. वर्गवारीत ही जागा ‘फार घट्ट माती किंवा मऊ खडक’ ठरते. कागदावर उत्तम जमीन, प्रत्यक्षात मात्र ०.१७ सेकंदांवर हादरा कित्येक पट वाढवणारी! पातळ मऊ थर आणि खाली एकदम कठीण खडक असेल तिथे सरासरीवर विसंबू नये. थराची जाडी आणि त्या थरातला वेग स्वतंत्रपणे मागून घ्यावा. आपल्या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीतल्या आलेखातही हा परिणाम दिसत नाही. त्यात कमी दोलनकालाच्या, म्हणजे एक झोका कमी वेळात पुरा करणाऱ्या इमारतींसाठी हादऱ्याचा कमाल गुणक कठीण, मध्यम आणि मऊ या तिन्ही प्रकारच्या जमिनींना एकच, २.५, आहे. मऊ जमिनीला फरक पडतो तो एवढाच की हा गुणक ०.४० ऐवजी ०.६७ सेकंदांपर्यंत लागू राहतो.

मुंबई-ठाण्याच्या खाडीकाठी चित्र वेगळे. तिथे समुद्री चिकणमातीचा जाड थर असतो. बारा मीटर जाडी आणि सेकंदाला शंभर मीटर वेग धरला तर ताल येतो ०.४८ सेकंद. मानकातल्या सूत्राने बारा मीटर उंचीच्या, भिंतींचा आधार न धरलेल्या आरसीसी सांगाड्याचा दोलनकालही ०.४८ सेकंदच निघतो, म्हणजे तळमजला अधिक तीन मजल्यांची साधी इमारत. विटांच्या भिंतींमुळे हा काळ कमी होतो. पण तळमजला पार्किंगसाठी मोकळा सोडला की नेमक्या त्याच मजल्यातून भिंती निघून जातात आणि सगळे झुलणे तिथल्या कॉलमवर येते. २६ जानेवारी २००१ ला अहमदाबादेत हेच दिसले. भूकंपाचे केंद्र दोनशे किलोमीटरहून दूर होते आणि शहरात नोंदलेले त्वरण गुरुत्वाच्या अकरा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे झोन ३ च्या आकड्यापेक्षाही कमी. तरी साबरमतीच्या जाड गाळावर उभ्या असलेल्या, खाली पार्किंग असलेल्या बहुमजली इमारती कोसळल्या.

द्रवीभवनाची, म्हणजे जमीन पातळ होऊन वाहण्याची भीती मात्र सगळीकडे सारखी बाळगू नये. पाण्याने भरलेल्या सुट्या वाळूला हादरे बसले की कण जवळ यायला बघतात. मधल्या पाण्याला निसटायला वेळ मिळत नाही, पाण्याचा दाब वाढतो आणि कणांचा एकमेकांवरचा भार संपतो. मग वाळू दाट रसासारखी वागते, इमारत कलते, रिकामी टाकी वर येते. काळ्या मातीत हे होत नाही, कारण तिच्यातली चिकणमाती कण धरून ठेवते. पठारावरच्या बहुतेक गावांनी द्रवीभवनाची चिंता करू नये. काळजी करायची ती खाडीतली वाळू टाकून केलेल्या भरावांवर, खाडीमुखांशी आणि नद्यांच्या वाळूच्या काठांवर.

छोट्या भूकंपात हादऱ्यांची आवर्तने कमी असतात, हाही दिलासा खरा आहे. ७.५ तीव्रतेच्या भूकंपात सुमारे १५ परिणामकारक आवर्तने धरतात, ६ तीव्रतेला पाच-सहा आणि ५.२५ ला दोन-तीन. तरीही १५ नोव्हेंबर २०१७ ला दक्षिण कोरियात पोहांगजवळ साडेपाचच्या आसपासच्या भूकंपात भातखाचरांमधून वाळू आणि पाणी उसळून वर आले होते. त्यामुळे आकडेमोड टाळता येत नाही.

झोन ३ मधली वाळू घेऊ. खोली पाच मीटर, मातीचे वजन घनमीटरला १८ किलोन्यूटन, त्वरण ०.१६. मे महिन्यात पाणी चार मीटरवर आहे. प्रचलित सूत्राने चक्रीय ताणाचे गुणोत्तर, म्हणजे हादऱ्याचा ताण भागिले कणांचा एकमेकांवरचा भार, सुमारे ०.११ येते. त्याला टिकून राहायला स्वच्छ वाळूचा दुरुस्त केलेला एन-आकडा, म्हणजे बोअरमधल्या चाचणीत ठोके मोजून मिळणारा घट्टपणाचा आकडा, १० पुरतो. जुलैत पाणी एक मीटरवर आले की गुणोत्तर ०.१८ होते आणि लागणारा आकडा १७. हे दोन्ही आकडे ७.५ तीव्रतेचे. ६ तीव्रतेसाठी, आवर्तने कमी म्हणून, १.३२ ने भागण्याची सवलत घेतली तरी जुलैत साडेबारा लागतात. आता समजा मे महिन्याच्या बोअरमध्ये प्रत्यक्ष दहा ठोके लागले. वरच्या भाराची दुरुस्ती केल्यावर ते ११.२ होतात. मेच्या पाण्याला जागा पास, जुलैच्या पाण्याला नापास, सवलत घेऊनसुद्धा. म्हणून माती परीक्षणाचा अहवाल हातात आला की पाण्याची पातळी कोणत्या तारखेला मोजली ते आधी बघावे आणि हिशेब पावसाळ्यातल्या सर्वांत वरच्या पातळीनेच करून मागावा.

एन-आकडा येतो प्रमाणित भेदन चाचणीतून. ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून टाकत नळी ४५ सेंटिमीटर आत घालायची. पहिल्या १५ सेंटिमीटरचे ठोके सोडून द्यायचे आणि उरलेल्या ३० सेंटिमीटरचे मोजायचे. चाचणी साधी आहे, पण बिघडते सहज. दोर पुलीवर जास्त गुंडाळला की हातोडा मोकळा पडत नाही, ठोके जास्त लागतात आणि माती आहे त्याहून घट्ट दिसते. ही चूक धोक्याच्या बाजूची. नळीच्या तोंडात दगड अडकला तरी तेच होते. उलट, बोअरमधले पाणी बाहेरच्या पातळीखाली गेले तर तळातून वाळू आत उसळते, सैल होते आणि आकडा खोटा कमी येतो. शेजारच्या दोन बोअरमध्ये एकाच खोलीवर ८ आणि ३५ असे आकडे दिसले तर सरासरी काढू नये, कारण शोधावे.

शहरांजवळ सर्वांत जास्त फसवणारी जमीन माणसाने केलेली असते. बुजवलेली खदान, बुजवलेली विहीर, वळवलेला नाला, उतारावर अर्धे खोदून अर्धे भरून केलेले सपाट प्लॉट. डंपरमधून ओतलेला राडारोडा पाणी नसतानाही हादऱ्याने खाली बसतो. भराव २०-३० सेंटिमीटरच्या थरांत, योग्य ओल ठेवून, रोलरने प्रयोगशाळेतल्या कमाल घनतेच्या ९५ टक्के तरी दाबलेला हवा, आणि प्रत्येक थराची चाचणी कागदावर हवी. अर्धी इमारत मुरमावर आणि अर्धी भरावावर असेल तर दोन बाजू वेगवेगळ्या तालात हलतात, वेगवेगळ्या बसतात आणि तडा बरोबर सांध्यावर जातो. अशा प्लॉटवर सगळी फूटिंग, म्हणजे कॉलमखालचे पाये, भराव ओलांडून एकाच मुरमात किंवा कातळात न्यावीत. एन-आकडा दहापेक्षा कमी असलेल्या मऊ जमिनीत सुटी फूटिंग बीमने एकमेकांना बांधल्याशिवाय ठेवूच नयेत.

खाडीतल्या चिकणमातीत पाइल, म्हणजे जमिनीत खोल नेलेले पायाचे खांब, घेतले म्हणजे सगळे सुटले असेही नाही. पाइल चिखलातून जाऊन खडकात रुततात. भूकंपात चिखल आडवा सरकतो, खडक जवळजवळ जागेवर राहतो, आणि पाइल दोन ठिकाणी सर्वांत जास्त वाकते: वर, पाइलांची डोकी जोडणाऱ्या काँक्रीटच्या टोपीशी आणि खाली चिखल-खडकाच्या सीमेवर. सळ्यांचा पिंजरा खर्च वाचवायला अर्ध्यात थांबवला तर नेमके दुसरे ठिकाण उघडे पडते. पिंजरा ती सीमा ओलांडून खडकातल्या भागापर्यंत न्यावा आणि सीमेच्या वर-खाली रिंगा जवळजवळ बांधाव्यात.