लाकडी भिंतींवरील रंगाचे फोड

लाकडी घराच्या बाहेरच्या फळ्यांवरचा रंग लाकडापासून किंवा जुन्या थरापासून सुटून फुगतो, त्याला रंगाला फोड येणे म्हणतात. अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात निमुळत्या फळ्या एकीवर एक चढवून ठोकलेली ‘क्लॅपबोर्ड’ घरे पुष्कळ आहेत. तिथे ही तक्रार जुनीच.

खरवडायला घेण्याआधी एक फोड सुरीने कापून आत पाहावे. आत जुना रंग दिसला, तर बहुधा दोष उन्हाचा. तापलेल्या फळीवर गडद तैलरंग लावला की वरचा पापुद्रा लवकर धरतो आणि खाली कोंडलेल्या द्रावकाची वाफ त्याला उचलते. तेवढा भाग खरवडून, घासून, भिंतीवर सावली असताना पुन्हा हात दिला की भागते.

आत कोरे लाकूड दिसले, तर पाण्याची वाट शोधावीच लागते. नुसता नवा रंग देणे म्हणजे पैसे वाया घालवणे. हिवाळ्यात न्हाणीघर-स्वयंपाकघरातली वाफ भिंतीत शिरते, थंड फळीमागे तिचे पाणी होते आणि ऊन लागले की ते रंगाला ढकलत बाहेर पडू पाहते. जुन्या पोकळ भिंतींत बाष्परोधक पडद्याविना उष्णतारोधक भरला असेल, तर हा त्रास बळावतो. फोड कुठे आले आहेत, हेही बोलके असते: न्हाणीघराच्या भिंतीवर दाटीने आले तर आतली वाफ, छपराच्या कडेखाली आले तर तुंबलेली पन्हळ, खिडकीच्या कोपऱ्यात आले तर उघडा सांधा.

वाफ ओढणाऱ्या पंख्याचे तोंड माळ्यावर न सोडता घराबाहेर काढावे, पन्हळी साफ ठेवाव्यात. सांधे बुजवताना फळ्यांच्या खालच्या आडव्या फटी मात्र मोकळ्या सोडाव्यात. उत्साहाच्या भरात त्याही बुजवल्या जातात आणि भिंतीची सुकण्याची वाट बंद होते. लाकडातला ओलावा १५ टक्क्यांच्या खाली आल्यावर प्रायमर आणि त्यावर वाफ जाऊ देणारा ॲक्रिलिक लॅटेक्स, म्हणजे पाण्यात मिसळणारा रंग, द्यावा. नव्या फळ्यांना मागूनही प्रायमर लावावा. कापलेली टोके तर विसरूच नयेत, पाणी सर्वांत जास्त तिथूनच शोषले जाते.

अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी आली. त्याआधीच्या घरांत हे काम जोखमीचे आहे, कारण शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला इजा करते. अशा घरांत ठेकेदारांना २०१० पासून प्रमाणपत्र लागते. उघड्या ज्योतीने रंग जाळण्यास मनाई आहे. जमिनीवर प्लास्टिक अंथरून, फळी ओली करून खरवडावे आणि निघालेले पोपडे त्याच प्लास्टिकमध्ये बांधावेत.