मनोऱ्यांवरील इशारादिव्यांचा बिघाड (अमेरिका)

रेडिओ व दूरचित्रवाणीच्या उंच मनोऱ्यांवरचे लाल किंवा पांढरे दिवे वैमानिकांना रात्री अडथळा दाखवतात. अमेरिकेत साधारणपणे 200 फुटांहून (सुमारे 61 मीटर) उंच मनोऱ्यांची नोंदणी संघीय दळणवळण आयोगाकडे (एफसीसी) करावी लागते. दिव्यांची रचना संघीय विमान वाहतूक प्रशासन (एफएए) सुचवते. दिवे चालू ठेवण्याची जबाबदारी मात्र मनोऱ्याच्या मालकाची.

दर 24 तासांत एकदा तरी दिवे प्रत्यक्ष किंवा दर्शक यंत्रावर पाहावे लागतात. बिघाड होताच आपोआप कळवणारी यंत्रणा असली तरी चालते. शिखरावरचा स्थिर दिवा किंवा कुठल्याही उंचीवरचा लुकलुकणारा दिवा बिघडला आणि 30 मिनिटांत पूर्ववत झाला नाही, तर एफएएला ताबडतोब कळवावे लागते. त्यावरून वैमानिकांसाठी 'नोटॅम' ही सूचना निघते. या नियमातला सर्वांत मोलाचा भाग हाच आहे, कारण दिवा चढवायला दिवस लागू शकतात, पण तिथून जाणाऱ्या विमानाला धोका त्याच रात्री असतो. नोटॅमची मुदत संपत आली आणि दिवा बंदच असला, तर मुदतवाढीसाठी पुन्हा कळवायचे. दिवा लागल्यावरही कळवायचे, म्हणजे सूचना रद्द होते. बिघाडाच्या नोंदी दोन वर्षे जपाव्या लागतात.

प्रकाशनियंत्रक (अंधार पडताच दिवे लावणारे उपकरण), लुकलुक घडवणारे यंत्र किंवा वायरिंग यांतला दोष कधीकधी जमिनीवरूनच सापडतो. दिवा बदलायचा तर चढावेच लागते. नॉर्थ डकोटातला केव्हीएलवाय या दूरचित्रवाणी केंद्राचा मनोरा 1963 साली 628 मीटरहून उंच उभारला गेला. अशा उंचीवर वारा, बर्फ आणि विजा काम अडवतात. प्रक्षेपणाच्या लहरींनी शरीराला इजा होऊ नये म्हणून शक्ती कमी करावी किंवा प्रक्षेपण थांबवावे लागते. मध्यमलहरी केंद्रांवर बहुधा अख्खा मनोराच अँटेना असतो आणि तो विद्युतरोधकावर उभा असतो. तिथे दिव्यांची वीज एकमेकांत गुंफलेल्या, पण न टेकणाऱ्या दोन कड्यांच्या 'ऑस्टिन' रोहित्रातून (ट्रान्सफॉर्मरमधून) वर पोचवतात.

जुन्या तापदीपांच्या (तारेच्या बल्बांच्या) जागी एलईडी आल्याने अशा चढाया घटल्या आहेत. स्थिर लाल दिव्यांकडे रात्री स्थलांतर करणारे पक्षी ओढले जाऊन मरतात, हे अभ्यासांतून दिसल्यावर एफएएने 2015 साली नव्या मनोऱ्यांच्या अंगावरचे असे दिवे वगळायला सुरुवात केली.